बोट आणि मनगट

रविवारी सकाळी आठच्या सुमारास नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्यांवर जत्राच असते. चढणारे घामाघूम, उतरणारे गप्पांत, आणि मधेच कुणाचा तरी मोबाइल जोरजोरात भजन लावून खिशातून चाललेला. अशाच एका रविवारी शेवटच्या दोन-चार पायऱ्या उरलेल्या असताना एक चारेक वर्षांची मुलगी थांबली. दोन शेंड्या, पाऊल टाकलं की लाल दिवे लागणारे बूट, सोबत आबा. खालच्या पायरीवरून तिला उडी मारायची होती. तिनं खाली बघितलं, पाय जुळवले, ओठ आत घेतले. ती उडणार एवढ्यात आबांनी वरच्यावर तिचं मनगट पकडलं, तिला हवेतून उचललं आणि भरलेली कळशी ओट्यावर ठेवावी तशी अलगद खाली ठेवली. "बघा, मारली की नाही आमच्या चिमणीनं उडी!" मुलगी त्यांच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "आबा, मी कुठं मारली? तुम्हीच मारली."

आबा हसले. आजूबाजूचे चार जणही हसले.

हसण्यासारखंच होतं. पण ते वाक्य नंतर पाठ सोडेना. कारण पोरगी शब्दशः खरं बोलत होती. हवेत असताना तिचे पाय ताठ लोंबत होते, गुडघे वाकायचं काही कारणच नव्हतं, मान वर आबांच्या हाताकडं वळलेली. उडीत जे काही शिकायचं असतं ते सगळं आबांच्या दंडानं केलं होतं. आणि आबांना बोल तरी कसा लावणार? दगडी पायऱ्या, गर्दी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगायचं ही धास्ती. नातीवरच्या मायेनंच त्यांचा हात पुढं गेला होता, आणि नेमका त्याच हातानं तिचा खेळ हिसकावून घेतला.

उडीत अवघड असतो तो खाली येण्याचा भाग. अडीच वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांचे दोन्ही पाय एकदम जमीन सोडायला लागतात. त्याआधी मूल मोठ्या उत्साहानं "उडीऽऽ" म्हणतं, गुडघे खालीवर करतं, पण टाचा जागच्या हलत नाहीत. पुढं जमायला लागलं की आधी एक पाय सुटतो, मागून दुसरा. दोन्ही एकत्र सुटायला आणखी काही महिने. नीट उडी मारणारं मूल आधी हात मागं नेतं, गुडघ्यात बसतं, हात पुढं फेकतं. टेकताना आधी चवडे, मग टाचा, गुडघे वाकलेले. चूक कुठं होते ते डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं: पाय ताठ ठेवून टाचांवर आलं की धप्प, नीट आलं की आवाज जवळजवळ नाहीच. "गुडघे वाकव" असं सांगून तीन-चार वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. "मांजरीसारखी उतर, आवाज येता कामा नये" म्हटलं की गुडघे आपसूक वाकतात. सुरुवात अंगणात किंवा गच्चीत खडूनं ओढलेल्या रेघेवरून करायची. मग घडी घातलेली सतरंजी, मग उंबरठा, आणि सगळ्यात शेवटी जिन्याची खालची पायरी. फ्लॅटच्या जिन्याची पायरी पंधरा-सतरा सेंटिमीटरची असते. चार वर्षांच्या मुलाला ती पुष्कळ झाली. उंचीचा नियम एकच आणि तो पाळायला सोपा आहे: जिथं मूल आपलं आपण चढलं, तिथूनच त्यानं उडी मारायची. आपण उचलून कट्ट्यावर उभं केलं आणि "मार उडी" म्हटलं, तर ती उंची त्याच्या अंगाच्या हिशेबातली नसते.

मनगटाची गोष्ट त्याहून वेगळी आणि जरा गंभीर आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरात हाडाभोवतीचा बंध अजून सैल असतो. सरळ हाताला अचानक ओढ बसली तर हाडाचं टोक त्या बंधातून किंचित निसटतं. गर्दीत मनगटाला हिसका देऊन ओढणं, दोघांनी दोन हात धरून "एक दोन तीन" करत झोका देणं, रुसून बसलेल्या पोराला एका हातानं उभं करणं, अशा अगदी प्रेमळ प्रसंगांत हे होतं. मूल जोरात रडतं, नंतर शांत होतं, पण तो हात अंगाशी धरून ठेवतं आणि समोर बिस्किट धरलं तरी दुसऱ्याच हातानं घेतं. सूज बहुधा नसतेच, म्हणून घरचे "नाटकं करतोय" म्हणतात. डॉक्टर बहुतेक वेळा क्षणात ते जागेवर बसवतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत पोर त्याच हातानं खेळायला लागतं. घरी ओढून बघायचं नाही, आणि मालिश करणाऱ्याकडंही न्यायचं नाही. मुलाला उचलायचंच असेल तर काखेत हात घालून, छातीशी धरून.

आणि आधार द्यायचा असेल तर बोट द्यावं.

"बोट धरून चालायला शिकवलं" असं आपण म्हणतो तेव्हा बोट असतं मोठ्याचं आणि पकड असते मुलाची. भीती वाटली की ते घट्ट धरतं, धीर आला की सोडतं. मनगट धरलं की हे सगळं आपल्या हातात येतं. कधी सोडायचं ते आपण ठरवतो, आणि आपण सहसा सोडत नाही.

पांगुळगाडा आठवतो का? तीन लाकडी चाकं, आडवा दांडा, खडखड आवाज. मूल त्याच्या मागं उभं राहतं, स्वतःच्या पायांवर भार घेतं आणि गाडा ढकलतं. गाडा पुढं पळाला तर मूल बदकन बसतं, पुन्हा उठतं. आता घरोघर जो प्लॅस्टिकचा गोल वॉकर असतो त्याला लोक सवयीनं पांगुळगाडाच म्हणतात, पण तो नेमका उलटं काम करतो. त्यात मूल कापडी झोळीत बसतं, चवड्यांनी जमीन मागं ढकलतं आणि घरभर सुसाट सुटतं. तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही, आपले पाय दिसत नाहीत, आणि ज्या वयात पाऊल चालीनं सरकायचं त्या वयात हाती वेग येतो. उघडा जिना, उकळता चहा, इस्त्रीची लोंबती वायर, सगळीकडं ते आपल्या आधी पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये बेबी वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती जिन्यावरून पडणाऱ्या बाळांमुळं. आपल्याकडं बारशाच्या भेटीत तो अजूनही येतो, वर लाल फीत बांधून. जुना गाडा मिळाला तर मात्र दोन गोष्टी बघाव्यात. चाकं फार सैल असतील तर थोडी आवळून घ्यावीत, आणि गाडा फार हलका असेल तर खालच्या आडव्या पट्टीवर किलो-दीड किलोचं वजन बांधावं, नाहीतर मूल दांड्यावर रेललं की गाडाच पालथा होतो.

बागेतल्या घसरगुंडीवरही हीच कथा. पोर एकटं घाबरेल म्हणून आई किंवा बाबा त्याला मांडीवर घेऊन घसरतात. फोटो छान येतो. पण खाली येताना पोराच्या बुटाचा रबरी तळवा कडेला चिकटतो, पाय मागं अडकतो आणि मागून साठ-सत्तर किलोचा बाबा घसरतच असतो. नडगीचं हाड मोडतं ते असं. मूल एकटं असतं तर पाय अडकल्यावर तेच थांबलं असतं, कारण मागं रेटणारं वजन त्याचं एकट्याचं, पंधरा किलोचं. शिडी ज्याला आपली आपण चढता येत नाही त्याला घसरगुंडी अजून मोठी आहे, एवढं समजावं आणि वाळूत खेळू द्यावं. नाशिकच्या एप्रिलमध्ये साडेनऊनंतर पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपला पालथा हात लावून बघावा. पाच सेकंद ठेववत नसेल तर ती संध्याकाळपर्यंत बंद.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी, आणि एका वेळी तासाभरापेक्षा जास्त कुठं जखडून ठेवायचं नाही. १८० हा आकडा ऐकला की पालकांच्या पोटात गोळा येतो. तीन तास? आणि मग क्लास शोधायला सुरुवात होते. हल्ली चार वर्षांच्या मुलांचंही क्रिकेट 'कोचिंग' असतं. पूर्ण पांढरा ड्रेस, पॅड गुडघ्याच्या वर आलेले, बॅट स्वतःपेक्षा जरा लहान. हिशेब करून बघा: पंचेचाळीस मिनिटांचा तास, बारा मुलं, एक पिच. एकेकाच्या वाट्याला फलंदाजीची पावणेचार मिनिटंच येतात. उरलेला वेळ रांगेत, गवत उपटत. एवढ्या लहान मुलाचं अंग रांगेसाठी बनलेलंच नाही. ते काही सेकंद जीव खाऊन पळतं, थांबतं, मुंगी बघतं, पुन्हा पळतं. असे शंभर तुकडे जोडून १८० मिनिटं होतात, आणि त्यातले निम्मे घरातच होऊ शकतात. गोधडीवर धाकट्या भावाला बसवून ती घरभर ओढणं हे मोठ्या बहिणीच्या पाठीला, पोटाला आणि पायांना कुठल्याही क्लासपेक्षा जास्त काम देतं. फक्त गुळगुळीत टाइल्सवर पायमोजे काढायला लावावेत, नाहीतर ओढणारीच आधी तोंडावर पडते. बाजारातून आणलेली पिशवी दारापासून ओट्यापर्यंत नेणं, उकिडवं बसून कोथिंबीर निवडणं, कुंड्यांना तांब्यानं पाणी घालणं, हेही धरा. शाळेची रिक्षा दारात यायच्या ऐवजी कोपऱ्यावर थांबली तर त्या वळणापर्यंतचं चालणंही मोजा.

गल्लीतल्या जुन्या खेळांना एक युक्ती माहीत होती, जी कुठल्याही कोचिंगवाल्याला सुचलेली दिसत नाही. कच्चं लिंबू. चार वर्षांचं शेंबडं पोर सहा-आठ वर्षांच्या टोळीत शिवाशिवी खेळायला यायचं. त्याला खेळात घेतलं जायचं, तेही सगळ्यांच्या बरोबरीनं पळायचं, ओरडायचं, पण त्याला आउट करता यायचं नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही. कुणी त्याला मुद्दाम हळू पळायला सांगत नसे. ते मोठ्यांच्या मागं जिवाच्या आकांतानं पळायचं आणि पळायला शिकायचं. आता आठवून बघितलं तर यातली खुबी लक्षात येते. बाद होण्याचे खेळ लहान मुलांसाठी उफराटे असतात. ज्याला सगळ्यात कमी जमतं तो सगळ्यात आधी बाद होतो आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतो. म्हणजे सराव नेमका त्यालाच मिळत नाही. कच्च्या लिंबाला मात्र पूर्ण डावभर पळायला मिळायचं. सोसायटीच्या वाढदिवसांत संगीत खुर्ची घेतात तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत खुर्ची गेलेलं पोर कोपऱ्यात फुगा घेऊन उभं असतं, त्याच्याकडं बघावं. खुर्च्या कमी न करता नुसतं गाणं थांबल्यावर बसायचं ठेवलं तरी लहानांना तेवढीच मजा येते. हार-जीत मोठ्यांना हवी असते.

लंगडीही चार वर्षांना एकदम येत नाही. आधी एका पायावर चार-पाच सेकंद उभं राहणं जमावं. बगळा व्हायचं, डोळे समोर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. मग आपल्या बोटाला धरून एक उडी, मग बोट न धरता एक, मग तीन. वर घेतलेला पाय हातानं मागं धरायची सवय लागते, ती मोडावी. हात तोल सांभाळायला मोकळे लागतात. आणि दोन्ही पायांवर खेळवावं, नाहीतर एकाच पायाची लंगडी होते. लगोरीला सात ऐवजी शहाबादी फरशीचे तीन तुकडे लावावेत, कडा दगडावर घासून बोथट केलेले, आणि चेंडू जुन्या मोज्यांचा. दोन मोजे एकात एक गुंडाळून वर तिसरा उलटा चढवला की झालं. तो लागत नाही, लांब पळत नाही, आणि लहान पंजात मावतो. उजव्या हातानं फेकताना बहुतेक मुलं उजवाच पाय पुढं टाकतात आणि चेंडू समोरच्या मातीत आपटतो. डाव्या पायापुढं खडूनं एक गोल काढायचा आणि "आधी गोलात पाय, मग चेंडू" एवढंच सांगायचं. झेल घ्यायला मात्र याहून वेळ लागतो. जवळ येणारा चेंडू दिसला की मूल डोळे मिटतं आणि तोंड फिरवतं. म्हणून आधी वाऱ्यावर तरंगत येणारी ओढणी, मग जमिनीवरून घरंगळत येणारा मोठा चेंडू, मग एक टप्पा पडून येणारा. थेट हवेतला सगळ्यात शेवटी.

सायकलच्या बाबतीत नाशिकला वेगळं सांगायची गरज नाही. रेस अक्रॉस अमेरिका २०१५ मध्ये पूर्ण करणाऱ्या महाजन बंधूंचं हे गाव. पहाटे गंगापूर रोडला सायकलींची रांग नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. पण घरातल्या चिमुकल्या सायकलीला मात्र मागं दोन आधाराची चाकं लागलेली असतात आणि ती दोन-दोन वर्षं निघत नाहीत. आधाराच्या चाकांवर मूल पेडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही. उलट वळताना बाहेरच्या बाजूला कलायची वाईट सवय लागते. त्यापेक्षा ती चाकं आणि दोन्ही पेडलं काढून ठेवावीत. पंधराचा पाना लागतो. इथं बरेच बाबा घाम गाळतात, कारण डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं फिरवलं की ते आणखी आवळतं. लक्षात ठेवायची खूण अशी: पाना पेडलाच्या आसावर वरच्या दिशेनं उभा धरायचा आणि दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडं ओढायचा. बसकण इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. आता सायकल म्हणजे चालता चालता बसायची गोष्ट झाली. मूल आधी चालतं, मग ढांगा टाकतं, मग पाय उचलून घरंगळतं. अगदी किंचित उतार असलेली, रहदारी नसलेली जागा हवी. पाय उचलून तीन-चार मीटर सरळ जायला लागलं की पेडलं परत बसवावीत, आणि बसवताना डावं-उजवं बघून, नाहीतर आटे खराब होतात. मागून धावताना हँडल धरायचं नाही, तोल तिथंच शिकायचा असतो. हात लावायचाच तर पाठीला, तळवा उघडा ठेवून.

असाच उघडा तळवा मल्लखांबाच्या आखाड्यात दिसतो. मल्लखांबाचं नाशिकशी जुनं नातं सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगी गडावर अनुष्ठानाला बसले आणि तिथं मारुतीरायानं खांबावर ही विद्या दाखवली, अशी आख्यायिका आहे. एरंडेलानं तुळतुळीत झालेल्या खांबावर नवं पोर अढी, म्हणजे पायांचा विळखा, घालतं तेव्हा चांगला शिकवणारा हात लावत नाही. हात कमरेपासून वीतभर लांब ठेवतो, पोर घसरलं तरच तो पोचतो. चार वर्षांच्या पोराला खांब घाईचा होईल. त्यानं आधी लटकावं. पेरूची किंवा आंब्याची जाड फांदी, पाय जमिनीपासून फूटभरच वर, अंगठा खालून वळवलेला, आणि खाली माती. पहिल्या दिवशी तीन सेकंदांत हात सुटतो. महिन्याभरात दहा होतात. उचलून फांदीला टांगायचं नाही. खाली पाट ठेवावा, त्यावर चढून त्यानं स्वतः धरावी. पावसाळ्यात मात्र झाडही निसरडं आणि गोदाघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ. तेव्हा उड्या घरातल्या गादीवरच बऱ्या.

पांडवलेणीच्या त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. "तुम्हीच मारली" म्हणून ती गप्प बसली नाही. वळली, उतरणाऱ्या लोकांच्या पायांमधून वाट काढत पुन्हा त्याच पायरीवर चढली. आबांनी पिशवी खाली ठेवली. या वेळी त्यांनी मनगट पकडलं नाही. जरा विचार करून एक बोट पुढं केलं. तिनं त्या बोटाकडं बघितलं, मग आबांच्या तोंडाकडं, आणि कुणी धरू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागं लपवले. उडी मारण्याआधी हात जिथं असावे लागतात तिथंच ते गेले होते. गुडघे वाकले, बुटांचे लाल दिवे एकदम लागले.

धप्प. आवाज चांगलाच मोठा आला.